आधी हेलपाटे मोजा, मग नकाशा काढा

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई अठ्ठावीस वर्षांच्या, नोकरी पुण्यात, घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. आजीचं रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, म्हणून घरच्यांना तहसील, नगरपरिषद, सेतू आणि पोस्ट अशा चकरा माराव्या लागल्या. कुठे काय मिळतं हे गावात कुणालाच नीट ठाऊक नाही, असं त्यांना जाणवलं. मग शाळेतल्या पाच जणांनी मिळून गावाचा 'लोकनकाशा' करायचं ठरवलं. त्यात कार्यालयं, रास्त भाव दुकानं, दवाखाने, अंगणवाड्या, स्वच्छतागृहं, पाणवठे असं सगळं मोबाइल ॲपवर असेल. एका ट्रस्टने दोन लाख रुपये देऊ केले आहेत. अट एवढीच की गणपतीत उद्घाटन व्हावं. आता पाच जणांत पाच मतं झाली आहेत. एकाला स्वतःचंच ॲप हवं, दुसऱ्याला ड्रोन. तिसरा म्हणतो मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी येईपर्यंत हलायचं नाही, आणि मुख्याधिकारी 'बघू' म्हणतात. चौथ्याचे काका नगरसेवक आहेत. ते मदत करतील, पण पहिल्या पानावर त्यांचा फोटो हवा. ताई विचारतात, "सुरुवात कुठून करू? आणि वर्षभरात सगळं बंद पडलं तर गावात तोंड कसं दाखवू?"

ताई,

तुमच्या पत्रात ॲपवर दीड पान आहे आणि आजीवर चार ओळी. मी त्या चार ओळींपाशीच बराच वेळ थांबले. घरच्यांनी चार ठिकाणी चकरा मारल्या, पण त्यांतलं एखादं ठिकाण सापडलं नाही असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तालुक्याच्या गावात तहसील कचेरी कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगतं. तुमच्या घरच्यांना जे माहीत नव्हतं ते असं: आधी कुठे जायचं, कोणत्या वारी, कोणता कागद घेऊन, आणि खिडकीतला माणूस "हे आमच्याकडे नाही" म्हणाला तर ते खरं मानायचं की टोलवाटोलवी. तुमच्या यादीत मात्र नुसत्या जागा आहेत. म्हणजे हे ॲप अगदी ठरल्याप्रमाणे झालं, तरी आजीच्या वेळी जे अडलं ते उद्या दुसऱ्या कुणाच्या आजीलाही अडणारच.

नकाशा काढू नका असं मी म्हणत नाही. फक्त तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढायचा, हे आधी ठरवा. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेचं वस्त्यांमधलं काम बघा. त्यांनी घरोघरची माहिती नकाशावर मांडली, तेव्हा कोणत्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते हे एकाच कागदावर दिसलं. त्यामुळे घरटी शौचालय कुठे शक्य आहे ते ठरवता आलं. प्रश्न पक्का होता, म्हणून काय मोजायचं आणि काय सोडायचं हेही पक्कं होतं. 'गावातलं सगळं' असा विषय घेतला की काहीच सोडता येत नाही, आणि सहाव्या महिन्यात तुमच्यातले तिघं गळालेले असतात.

म्हणून पहिला आठवडा मोबाइल खिशात ठेवा आणि तहसीलच्या फाटकापाशी आणि एसटी स्टँडवर उभं राहा. बाजाराचा दिवस त्यात यायलाच हवा. खेड्यांवरची माणसं बाजार आणि कचेरी एकाच खेपेत उरकतात. परत निघालेल्या माणसाला चारच गोष्टी विचारा: कशासाठी आलात, याच कामाला कितव्यांदा आलात, काम झालं का, नसेल तर काय सांगितलं. नाव विचारू नका, नंबर घेऊ नका, फोटो तर नकोच. टॅबलेट घेऊन गेलात तर तुम्ही सरकारी सर्व्हेवाले वाटाल आणि लोक सगळ्यालाच "हो, मिळालं" म्हणतील. साधी वही बरी.

वही भरली की हेलपाट्यांची कारणं आपोआप वेगळी होतील. चुकीचं कार्यालय. एक कागद कमी. झेरॉक्सवर सही नाही. वार चुकला. सर्व्हर डाऊन. साहेब मीटिंगला. यातल्या शेवटच्या दोहोंवर कुठल्याही नकाशाकडे उपाय नाही. त्यांची नोंद वेगळी ठेवा, ती पुढे निवेदनाला उपयोगी पडेल. उरलेल्यांवर मात्र उपाय आहे, आणि तो फार स्वस्त आहे. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. तरीही शनिवारी वडापने येऊन कुलूप बघून परत जाणारी माणसं तुम्हाला भेटतील. जन्माच्या नोंदीचं तसंच. ही नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे होते. बाळ तालुक्याच्या दवाखान्यात झालं, आणि आईबाप गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागत बसलेत, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येण्याऐवजी हसू येतं. रेशनचं 'आपलं' दुकान बंद असलं तर दुसऱ्या दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येतं, हेही पुष्कळांच्या गावी नसतं.

या वहीतून सर्वांत जास्त हेलपाटे खाणारी तीन-चार कामं निवडा. माझा अंदाज विचाराल तर उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात नाव घालणं आणि कमी करणं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आणि जन्ममृत्यूचा दाखला. पण माझा अंदाज बाजूला ठेवा, वही सांगेल ते घ्या. प्रत्येक कामाचा नकाशा म्हणजे तीन-चार ठिपके, त्यांचा क्रम, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी हातात काय असायला हवं त्याची यादी. हे एका कागदावर मावतं.

आता तुमचं दुसरं वाक्य: "गावात कुणालाच नीट ठाऊक नाही." हे मला पटत नाही. तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला उभं करा आणि विचारा, नॉन-क्रीमीलेअरला कोणते कागद लागतात. तो पान लावता लावता सगळी यादी म्हणून दाखवेल, वर "या साहेबांना ओरिजिनलपण लागतं" ही पुरवणीही जोडेल. मुद्रांक विक्रेत्याला ठाऊक असतं, बाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, सेतूतल्या मुलीला ठाऊक असतं. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी येतं हे नगरपरिषदेच्या अभियंत्यापेक्षा जास्त नेमकं माहीत असतं. पोस्टमनला घरांचे जुने-नवे सगळे क्रमांक पाठ असतात. माहिती गावात भरपूर आहे. ती ज्या माणसांकडे आहे त्यांच्यापर्यंत पोचायला ओळख लागते, वेळ लागतो किंवा पैसे लागतात.

इथेच तुमच्या कामातला अवघड भाग सुरू होतो, आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. काहींचं पोट या हेलपाट्यांवर चालतं. तुम्ही कागदांची यादी भिंतीवर लावलीत की एजंटाचं एक गिऱ्हाईक कमी होतं. सगळे एजंट लुबाडतात असं मी म्हणणार नाही. शिकलेली पोरं पुण्याला गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म भरून द्यायला गावात तोच उरलाय. पण विरोध येणार, आणि तो समोरून येणार नाही. यादी दुसऱ्या दिवशी फाटलेली दिसेल, नाहीतर "ती पोरांची यादी चुकीची आहे, एकाचं काम अडलं त्याने" अशी कुजबूज सुरू होईल. त्यावर माझा उपाय झेरॉक्सवाला. त्याला पहिल्याच दिवशी सोबत घ्या. यादी त्याच्या काउंटरवर लावा, त्याच्याकडूनच तपासून घ्या. लोक पुरे कागद घेऊन आले तर त्याचे झेरॉक्स वाढतात, कमी होत नाहीत. गावात तुमच्या बाजूने बोलणारा एक माणूस कचेरीच्या दारातच हवा.

आशा आणि अंगणवाडी ताईंबद्दल एक सावधगिरी. घरनिहाय माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नसते, म्हणून प्रत्येक नव्या उपक्रमवाल्याला पहिल्यांदा त्यांचीच आठवण येते आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर चढतं. त्यांच्याकडे बसा, ऐका, चहा प्या. काम करून घ्यायचं असेल तर मानधन द्या. तुमच्याकडे दोन लाख आहेत, त्यांच्याकडे वेळ नाही.

आणि वस्त्यांमध्ये जाल तेव्हा दुपारी दोन ते चार या वेळात जा, बायकांना बोलवा, समाजमंदिराच्या फरशीवर किंवा अंगणात रांगोळीने गाव काढायला सांगा. ग्रामीण सर्वेक्षणात ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाणलोटाच्या कामात शिवारफेरी आणि रांगोळीचा नकाशा केलेले लोक तुमच्याही तालुक्यात सापडतील. पुरुषांना काढायला सांगितलं की रस्ता, देऊळ, चावडी, पुतळा येतो. बायकांच्या नकाशात नळ येतो, गिरण येते, अंगणवाडी येते, आणि संध्याकाळी जिथून जायचं टाळतात ती गल्लीही येते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवा आणि मगच मोबाइल बाहेर काढा.

परवानगीचं लवकर संपवते. सार्वजनिक ठिकाणांचा नकाशा करायला मुख्याधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भू-स्थानिक माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हापासून भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशासाठी माहिती गोळा करायला पूर्वपरवानगीची अट राहिलेली नाही. संवेदनशील ठिकाणांबद्दलची बंधनं मात्र आहेत, ती पाळायची. तेव्हा परवानगी मागत बसू नका. परवानगी मागितली की समोरच्याला 'बघू' म्हणायची सोय होते. त्याऐवजी जे त्यांनी द्यायलाच हवं ते मागा.

माहिती अधिकार कायदा, २००५ म्हटलं की लोकांना अर्ज आठवतो, पण त्याचं कलम ४ आठवत नाही. कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा मुद्द्यांची माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. कामकाजाची पद्धत, अधिकारी-कर्मचाऱ्यांची कामं आणि यादी, योजनांचे लाभार्थी, जन माहिती अधिकाऱ्याचं नाव, हे सगळं त्यात आहे, आणि दरवर्षी ती अद्ययावत करणं बंधनकारक आहे. दुसरा कायदा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात, कोणता पदनिर्देशित अधिकारी देणार, आणि दिली नाही तर अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावायला हवा. तहसीलमध्ये जा आणि फलक शोधा. बहुधा सापडेल, कपाटामागे. त्याची नोंद घ्या. तुमच्या कागदावरची दिवसांची मुदत तिथूनच घ्यायची, झेरॉक्सवाल्याच्या तोंडून नाही.

फलक नसेल आणि विचारून काही मिळत नसेल, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात नियम असा आहे की अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा. तेव्हा गावाचा सगळा कारभार एका अर्जात विचारू नका. 'कलम ४(१)(ख) अन्वये प्रसिद्ध केलेल्या सतरा बाबींची प्रत' एवढाच एक विषय पुरतो. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देण्याआधी भेटा मात्र. त्यांच्याशी भांडण उकरायचं नाहीये. बरेचदा त्यांनाही हा फलक कुणीतरी करून दिलेला हवाच असतो.

आता ॲप. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहात, म्हणून हे तुम्हाला पटायला सर्वांत जड जाईल: ॲप करू नका. ॲप करणं सोपं आहे. पण ते मोबाइलवर घ्यायला लावणं, अँड्रॉइड बदललं की दुरुस्त करणं, सर्व्हरचं बिल भरणं, हे तुमचं लग्न झाल्यावर, नोकरी बदलल्यावर, चौथा मित्र दुबईला गेल्यावर कोण करणार? जागांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला खुला नकाशा आहे. कुणीही भर घालू शकतं, दुरुस्ती करू शकतं आणि श्रेय देऊन वापरू शकतं. तुमचा गट उद्या फुटला तरी तिथली माहिती जागेवर राहते. ठिकाणाचं नाव मराठीत देण्याची तिथे वेगळी सोय आहे; ती वापरा. फोनवर स्ट्रीटकंप्लीट हे ॲप घेऊन गल्लीत फिरलात तर तेच एकेक प्रश्न विचारतं, आणि नवख्या मुलांनाही जमतं. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या ॲपमध्ये तोच नकाशा नेट नसतानाही उघडतो. वाड्यावस्त्यांवर जिथे रेंज जाते-येते तिथे हे महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. गूगलच्या नकाशावरून बघून इथे उतरवायचं नाही. त्याला परवानगी नाही, आणि एकाने केलं तरी सगळ्यांचं काम पुसलं जाऊ शकतं. उलट बाजूने हरकत नाही: तुम्ही पायी फिरून गोळा केलेली माहिती तुमची आहे. गावातले बहुतेक लोक गूगलच उघडणार हे वास्तव आहे, तेव्हा चार महत्त्वाची कार्यालयं तिथेही नोंदवा. तत्त्वासाठी लोकांना चुकीच्या दारात पाठवण्यात अर्थ नाही.

पण कोणते कागद लागतात, कोणत्या वारी कोण बसतं, हे ओपनस्ट्रीटमॅपवर जात नाही. ती माहिती सारखी बदलते. तिच्यासाठी वेगळी यादी करा, साधी तक्त्यातली, आणि प्रत्येक ओळीपुढे एक रकाना ठेवा: 'तपासल्याची तारीख'. हा रकाना मला नकाशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तारीख जुनी दिसली की वाचणारा स्वतःच म्हणतो, एकदा फोन करून जाऊ. तारीख नसलेली यादी दोन वर्षांनी लोकांना नवे हेलपाटे घालायला लावते, आणि मग गावात तुम्हाला ज्याची भीती वाटते ते हसू खरंच होतं.

पत्ता लिहायची पद्धतही गावाची ठेवा. 'सर्व्हे क्रमांक अमुक, प्रभाग तमुक' असं लिहून कुणी पोचत नाही. 'जुन्या स्टँडच्या मागे, दत्ताच्या देवळासमोरचा जिना' असं लिहिलं की पोचतं. देऊळ, पार, गिरण, पाण्याची टाकी या खुणा नकाशावर आधी घाला. बाकीचं गाव त्यांच्या आधाराने सांगता येतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक कामाचा दोन मिनिटांचा आवाज ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर सोडा. बोलणारा माणूस तुमच्याच भागातला हवा, बातम्या देणाऱ्याच्या सुरातला नको.

वस्त्यांची नावं हा सर्वांत नाजूक भाग, आणि इथे घाई करू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. कागदावर ते झालं असेल-नसेल, पण गावाच्या तोंडात जुनं नाव असतं, आणि तुमच्या पाहणीत कुणीतरी ते सहज सांगून जाईल. तुम्ही 'लोक म्हणतात तेच लिहायचं' या नियमाने ते नकाशावर टाकलंत तर ते कायमचं, शोधता येण्याजोगं होऊन बसेल. कोण लोक म्हणतात, हे विचारा. त्या वस्तीत राहणारे स्वतःच्या वस्तीला काय म्हणतात तेच नाव लिहायचं, बाकी गावाचं मत इथे मोजायचं नाही. अडचण एकच येते: जुन्या शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर जुनं नाव असतं आणि जातीच्या दाखल्याला तो पुरावा लागतो. त्यासाठी जुन्या-नव्या नावांचा मेळ घालणारी एक यादी गरजूंना दाखवता येईल अशी ठेवा, सार्वजनिक नकाशावर नको.

काही गोष्टी नकाशावर मुळीच घालू नका: एकट्या राहणाऱ्या बाईचं घर, लाभार्थ्यांची घरं, आजाराशी जोडलेली कोणतीही घरं, कुणाची खासगी बोअर. गायरानावरच्या किंवा रस्त्याकडेच्या पालांबद्दल तर तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय एक ठिपकाही टाकू नका. तोच ठिपका एकाला राहिल्याचा पुरावा वाटतो आणि दुसऱ्याला बुलडोझरचा पत्ता. मुंबईत १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा पदपथवासीयांबद्दलचा निकाल आला, पाडापाडीची टांगती तलवार होती, तेव्हा स्पार्क या संस्थेने पदपथांवरच्या कुटुंबांची गणना केली. त्या कामात पदपथावरच्या बायका सोबत होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. त्यांच्या हातात आकडे आले ते त्यांच्या मर्जीने आले. पालावरची माणसं "नको" म्हणाली तर तिथे विषय संपला. कारण विचारू नका.

नकाशावर 'आहे' लिहिण्याआधी आत जाऊन बघा. स्वच्छतागृहांच्या बाबतीत हे फार लागू पडतं. मुंबईत २०११ पासून चाललेल्या राइट टू पी, म्हणजे लघवीच्या हक्काच्या, चळवळीने हेच दाखवलं की इमारत असणं वेगळं आणि बाईला ते वापरता येणं वेगळं. कुलूप कुणाकडे, पाणी येतं का, आत दिवा आहे का, पैसे घेतात का, रात्री किती वाजता बंद, एवढं तरी लिहा. कार्यालयांच्या दाराशी पायऱ्या मोजा. निराधार योजनेची खिडकी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, अशी कार्यालयं मी पाहिली आहेत. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच वर चढता येत नाही. पाच जणांपैकी कुणी हे पाहणार नसेल तर गावातला एखादा दिव्यांग मित्र गटात घ्या, सल्लागार म्हणून नाही, सहावा सभासद म्हणून.

ड्रोनबद्दल: नको. वरून छपरं दिसतात, खिडकीवरचं वेळापत्रक दिसत नाही. काकांच्या फोटोबद्दल: तोही नको, पण तोंडावर नाही म्हणून दुखवायचीही गरज नाही. 'कुणाचाच फोटो नाही, आमचेही नाहीत' असा नियम आत्ताच लिहून ठेवा आणि काकांना एक खरं काम सांगा, त्या कपाटामागचा फलक पुढे आणायचं. नगरसेवकाच्या एका फोनने ते होतं.

राहिलं गणपतीचं आणि वर्षभराचं. उद्घाटन गणपतीत ठेवू नका. दाखल्यांची खरी झुंबड दहावी-बारावीच्या निकालानंतर, मे-जून महिन्यात असते. तुमचा कागद तेव्हा लोकांच्या हातात हवा. गणपतीत वेगळं करा. तोपर्यंत जमलेला नकाशा मोठ्या कागदावर छापून दोन-तीन मंडळांच्या मांडवाशेजारी लावा, दोरीला पेन्सिल बांधून ठेवा आणि वर लिहा, 'चूक दिसली तर खोडा'. आरतीला थांबलेली माणसं तुमचा नकाशा तुमच्यापेक्षा चांगला तपासतील. फ्लेक्सवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून कागदच घ्या आणि पावसासाठी वर प्लास्टिक धरा.

पुढची देखभाल गावातल्या सार्वजनिक वाचनालयाकडे सोपवता येते का बघा. शासनमान्य वाचनालय आपल्याकडे बहुतेक तालुक्यांच्या गावी आहे, आणि पेपर वाचायला येणारी पेन्शनर मंडळी रोज सकाळी तिथे असतात. कोणत्या कार्यालयात कोण बदलून आलं हे त्यांना पेपरात छापून यायच्या आधी कळतं. त्यातल्या दोघांना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यादी घेऊन तहसील आणि नगरपरिषदेत एक फेरी मारायला सांगा. तारखेचा रकाना तेच भरतील. ग्रंथपालाला मानधन द्या. ग्रंथपालांचे पगार किती असतात हे तुम्हाला कळलं तर तुम्ही स्वतःच ती रक्कम वाढवाल.

तेव्हा ट्रस्टला लिहायच्या पत्रात पैशांची मांडणी बदला. ॲपच्या नावापुढे काही नाही. छपाई, आशाताई आणि रांगोळीच्या बैठकीला येणाऱ्या बायकांच्या बुडालेल्या वेळाचे पैसे, प्रवास, आणि निम्मी रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या देखभालीसाठी बँकेत. मुदत पुढच्या मे महिन्यापर्यंत मागा. फाटकावरच्या वहीतली दोन पानं, नावं नसलेली, पत्राला जोडा. ट्रस्टवाल्यांना ती ॲपच्या चित्रांपेक्षा जास्त पटतील असं मला वाटतं. गणपतीतलं उद्घाटनच हवं असा त्यांचा हट्ट असेल तर पैसे नाकारा. वही, कागद, पेन्सिल आणि एसटीचं भाडं एवढ्यावर पहिली तीन कामं होतात, आणि तेवढं तुम्ही पाच जण मिळून भरू शकता.